झेड-नऊला कुणी पाहिलंय का?

कुलूपरावांच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर दोन पत्र्याचे डबे आहेत. एकावर मोठ्या अक्षरांत ‘खिळे’ असे लिहिले आहे आणि आत बिस्किटे असतात. दुसऱ्यावर ‘बिस्किटे’ असे लिहिले आहे आणि आत अर्थातच खिळे. घरात याचा कुणालाही पत्ता नाही, अशी कुलूपरावांची पक्की समजूत होती. आपली बिस्किटे महिनोन्‌महिने पुरतात याचे श्रेय ते स्वतःच्या संयमाला देत असत.

कुलूपराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. सासुरवाडीच्या मंडळींनी ते त्यांच्या पाठीमागे ठेवले होते आणि मोठ्या काळजीने पाठीमागेच वापरले होते. सायकलला दोन कुलपे लावणारा, छत्रीला साखळी अडकवणारा आणि स्वतःच्या वाढदिवसाची तारीखही विचारूनसुद्धा न सांगणारा हा माणूस. आता तुम्ही म्हणाल, भलताच आपमतलबी असणार. तसे मुळीच नाही. कुणाची अडचण कळली की सगळ्यांच्या आधी धावणार. फक्त धावण्यापूर्वी दार नीट लागले आहे ना, ते दोनदा ओढून बघणार, एवढेच.

ते घरी बसून कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहीत. त्यांनी बरीच वर्षे खपून एक लायब्ररी तयार केली होती. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. सुताराला जशी बिजागरी स्वतः घडवावी लागत नाही, आयती मिळते आणि तो दाराला ठोकतो, तसा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना एखादे काम आयते करून देणारा हा कोड. कुलूपरावांची बिजागरी रांगेची होती. दवाखान्यात कुणाला आधी आत पाठवायचे, उशिरा आलेल्याला कुठे घुसवायचे, कळा येत असलेल्याला पुढे काढायचे पण बाकीच्यांना चिडू द्यायचे नाही, हे सगळे ती ठरवत असे. ती त्यांच्या जिवाचा तुकडा होती.

आणि हा तुकडा त्यांच्या मेहुण्याने जेवता जेवता मागितला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. साहेबाशी खटके उडाले म्हणून नोकरी सोडून त्याने स्वतःचे काम सुरू केले होते, आणि पहिलेच गिऱ्हाईक मिळाले होते दातांच्या डॉक्टरीणबाईंचे. त्यांचा नवा दवाखाना उघडायचा होता आणि रुग्णांचे नंबर लावणारा प्रोग्राम हवा होता.

“भाऊजी, तुमची ती रांगेची लायब्ररी वापरू द्याल का? तुमचं नाव घालीन मी त्यात.”

कुलूपरावांचा घास तोंडातच थांबला. या मेहुण्याने मागे एकदा त्यांचा सायकलचा पंप नेला होता आणि पुसून, तेल घालून, नवा वॉशर बसवून परत आणला होता. तेव्हापासून कुलूपराव त्याच्यापासून जपून असत. नेलेली वस्तू अशी परत आणणाऱ्या माणसाच्या मनात काहीतरी असलेच पाहिजे, असे त्यांचे मत होते.

“बघतो,” ते म्हणाले.

मेहुणा गेल्यावर बायकोने ताटे उचलता उचलता विषय काढला. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे मुद्द्यावर यायला तिला वेळ लागत नाही.

“बघतो काय? नोकरी सोडून बसलाय तो. हे काम हातचं गेलं तर परत त्या साहेबापुढे जाऊन उभं राहायचं त्याने?”

“अगं, देतो म्हटलं ना.”

“देतो नाही, बघतो म्हटलंत. आणि उघडी द्या हं. नेहमीसारखी गुंडाळून नका देऊ.”

“उघडीच देतो,” कुलूपराव म्हणाले, आणि त्यांनी दाराची कडी नीट बसली आहे का ते बघितले.

आता उघडी द्यायची म्हणजे काय, तर कोड वाचता येईल असा द्यायचा. आणि न वाचता येईल असा करायचा असला तर त्याला त्यांच्या धंद्यात ऑबफस्केशन म्हणतात. एक यंत्र असते. त्यात आपला कोड घातला की ते त्यातली सगळी नावे पुसून भलतीच घालते. ‘पुढचा रुग्ण’ असेल तिथे ‘बी-दोन’, ‘उशिरा आलेला’ असेल तिथे ‘क्यू-सात’. काम तेच होते, पण वाचणाऱ्याच्या डोक्याचा भुगा होतो. थोडक्यात, बिस्किटांच्या डब्यावर खिळे. कुलूपरावांना हे यंत्र पहिल्यांदा सापडले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

गंमत अशी, की त्यांची लायब्ररी एकटी काही करू शकत नव्हती. प्रत्यक्ष नंबर काढून देण्याचे काम ती दुसऱ्याच एका लायब्ररीकडून करून घेई. ही दुसरी कुणाच्या मालकीची नव्हती. कुणा भल्या माणसाने लिहून सगळ्यांसाठी मोकळी ठेवलेली. मेहुण्याच्या प्रोग्रामातही तीच होती. इमारतीच्या गच्चीवर टाकी एक असते आणि सगळ्या घरांचे नळ तिलाच जोडलेले असतात, तसाच हा मामला. कुणीही नंबर मागितला की ही सामाईक लायब्ररी पुढचा देणार, आणि एकदा दिलेला पुन्हा देणार नाही.

यंत्राने नम्रपणे विचारले होते, की बाहेरच्या सामाईक लायब्ररीची नावे आहेत तशी राहू द्यावीत का. कुलूपरावांना त्या प्रश्नाचा रागच आला. आहेत तशी? मग झाकले काय? त्यांनी ‘सर्व नावे बदला’ या चौकटीत खूण केली. स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिले, झकास चालले. चालणारच, कारण तिथे त्यांच्या घराची पाटीही बदलली होती आणि टाकीचीही. मग त्यांनी फक्त आपली लायब्ररी मेहुण्याला पाठवली आणि निवांतपणे खिळ्यांच्या डब्यातली दोन बिस्किटे खाल्ली.

दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी मेहुण्याचा फोन आला.

“भाऊजी, हे झेड-नऊ कोण?”

“कोण झेड-नऊ?”

“तेच विचारतोय. तुमची लायब्ररी सुरू झाली की झेड-नऊला हाका मारायला लागते. ‘झेड-नऊ सापडत नाही, झेड-नऊ सापडत नाही’ म्हणते आणि बंद पडते. मी सगळीकडे शोधलं. असं कुणी नाहीच आमच्याकडे.”

कुलूपरावांच्या लक्षात आले. सामाईक टाकीला त्यांच्या यंत्राने झेड-नऊ असे नाव दिले होते, आणि मेहुण्याकडची टाकी बिचारी आपल्या जुन्या नावानेच उभी होती. तिला हाक कळणार कशी? आता सरळ सांगायला हवे होते, की बाबा रे, मी नावे बदलून दिली होती, नीट करून पाठवतो. पण मग ‘उघडीच देतो’ या शब्दाचे काय झाले, हे बायकोला कळले असते.

“काही नाही, एक छोटी फाइल राहिली पाठवायची,” ते म्हणाले. “पाठवतो.”

आणि त्यांनी सामाईक लायब्ररीची नाव बदललेली प्रत आपल्या लायब्ररीच्या पोटात कोंबली. टाकी तिथे सापडत नाही ना, मग घराबरोबर स्वतःची टाकीच पाठवू. मेहुण्याने लावून पाहिली. एक खोटा रुग्ण घातला, त्याला एक नंबर मिळाला. दोघांनाही हायसे वाटले. त्या समाधानात कुलूपरावांनी आणखी एक काम उरकले. मूळ उघडा कोड मशीनवर पडून राहणे बरे नव्हे, म्हणून तो पुसून टाकला. मागे एकही प्रत ठेवली नाही, कारण प्रत ठेवणे म्हणजे चोराला वाट करून देणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको शाळेत निघताना म्हणाली, “तुम्ही जा हो त्याच्याबरोबर दवाखान्यात. पहिला दिवस आहे. घाबरलाय तो, तोंडाने बोलत नाही इतकंच.”

कुलूपराव गेले. दवाखाना छान होता. भिंतींना नव्या रंगाचा वास, ओळीने निळ्या खुर्च्या, समोर एक पडदा आणि त्यातून एक मंजुळ आवाज. खुर्च्यांवर एकेक गाल धरून माणसे बसलेली. डॉक्टरीणबाईंनी मेहुण्याला दारातच सांगितले, “आज हे नीट चाललं तर माझ्या जुन्या दवाखान्यातही तुझाच प्रोग्राम बसवू. नाही चाललं तर मी आपली पाटीवर खडूने नंबर लिहीन. मला तेही जमतं.”

मेहुण्याने मान डोलावली. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि त्याची वरची दोन बटणे उलटसुलट लागली होती. कुलूपरावांना ते दिसले आणि उगीचच गलबलून आले.

“क्रमांक एक,” मंजुळ आवाज म्हणाला.

दोन माणसे उठली.

एक शिंपी होते, गळ्यातली मोजपट्टी काढायला विसरलेले. दुसऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या.

“माझा एक नंबर आहे. मी फोनवरून घेतलाय,” बाई म्हणाल्या.

“माझाही एकच आहे. मी इथे दारात घेतला,” शिंपी म्हणाले आणि चिठ्ठी दाखवली.

“एक नंबर एकालाच मिळतो. म्हणून तर त्याला एक म्हणतात.”

“बरं, बाई, जा तुम्ही,” शिंपी म्हणाले. ते समजूतदार होते, आणि शिवाय त्यांना दातांची खुर्ची जितकी लांबणीवर पडेल तितकी हवीच होती.

पण पुढच्या नंबरलाही दोघे उठले. त्याच्या पुढच्यालाही दोघे. कुलूपरावांना सगळे स्वच्छ दिसू लागले होते. फोनवरचे नंबर मेहुण्याच्या प्रोग्रामातली टाकी देत होती आणि दारातले नंबर त्यांच्या लायब्ररीच्या पोटातली चोरटी टाकी. दोघीही अगदी बिनचूक, दिलेला नंबर पुन्हा न देणाऱ्या. फक्त एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. सगळ्या गावाचे नंबर जोडीजोडीने निघत होते.

हा गोंधळ बघून मुख्याध्यापिकाबाई आत जायच्या थांबल्या आणि त्यांनी खोली ताब्यात घेतली. “फोनवाले डावीकडे, दारवाले उजवीकडे. बोलायचं नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी हात वर करा.” तीन सुजलेल्या गालांनी हात वर केले.

एवढ्यात आत आणखी घोळ झाला. मंजुळ आवाजाने पुन्हा ‘क्रमांक एक’ पुकारला आणि या वेळी बाईंनी हातानेच खूण करून शिंप्याला आत पाठवले. डॉक्टरीणबाईंच्या पडद्यावर एक नंबर म्हणजे दाढ काढायची, असे आले. त्यांनी सुई हातात घेतली.

“घाबरू नका हं. दाढ पार किडलीये तुमची, पण काढताना काही कळणार नाही.”

“अहो, मी नुसते दात साफ करायला आलोय,” शिंपी म्हणाले आणि खुर्चीवरून असे उठले की मोजपट्टी दिव्याच्या दांड्यात अडकली. “माझ्या दाढेला काही झालेलं नाही. काल तिनेच सुपारी फोडली.”

डॉक्टरीणबाई सुई खाली ठेवून बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत, हे जास्त वाईट होते.

“मुला,” त्या मेहुण्याला म्हणाल्या, “मी आत्ता एका चांगल्या माणसाची चांगली दाढ काढणार होते. चहा पिऊन होईस्तोवर थांबते. मग खडू आणते.”

मेहुण्याने लॅपटॉप उघडला, सगळीकडे शोधले, आणि शेवटी बटणे नीट लावत म्हणाला, “माझंच कुठेतरी चुकलं असणार, भाऊजी.”

हे ऐकले आणि कुलूपरावांना राहवेना. एरवी त्यांनी काय केले असते कोण जाणे, पण ती चुकीची बटणे सकाळपासून त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

“तुझं नाही रे चुकलं. सरक, मी बघतो.”

त्यांनी स्वतःची लायब्ररी उघडली. बी-दोनने क्यू-सातला बोलावले होते, क्यू-सात एम-चौदाकडे बोट दाखवत होता, एम-चौदा परत बी-दोनकडे. कुलूपरावांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“हे कुणी लिहिलंय?” ते पुटपुटले.

“तुम्हीच, भाऊजी.”

“तुला काही कळतंय का यातलं?”

“नाही. मला कळू नये म्हणूनच दिलीत ना अशी?” मेहुणा अगदी साधेपणाने म्हणाला. “मला पहिल्याच दिवशी दिसलं. म्हटलं, असेल तुमची पद्धत. आता मूळ कोड घ्या, सामाईक लायब्ररीला हात लावू नका, आणि नव्याने बांधून द्या. दहा मिनिटांचं काम आहे.”

चहाच्या कपाचा आवाज आतून येत होता.

“मूळ कोड मी पुसून टाकला,” कुलूपराव म्हणाले. “कुणी नेऊ नये म्हणून.”

मेहुण्याने त्यांच्याकडे बघितले. मग खुर्ची ओढून जवळ घेतली.

“गेल्या वर्षी तुमच्या लॅपटॉपवर चहा सांडला होता, आठवतंय? मी दुरुस्त करून दिला होता. तेव्हा तुमच्या कामाची एक प्रत काढून ठेवली होती मी. तुम्ही कधी ठेवत नाही, म्हणून. त्यानंतर लायब्ररीत काही बदललंत का?”

“कुलपं वाढवली. बाकी काही नाही.”

“मग झालं तर.”

“म्हणजे वर्षभर माझा सगळा कोड तुझ्याकडे उघडा होता?”

“उघडा कुठला? पासवर्ड घातलाय मी.”

“मग तू मला मागितलीस कशाला?”

“तुम्ही दिली नव्हती ना,” मेहुणा म्हणाला. त्याला या प्रश्नात काही विशेष आहे असे वाटलेच नाही.

कुलूपरावांनी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. “घाल मग पासवर्ड.”

“तो मला माहीत नाही. ताईने घातलाय. मीच म्हटलं तिला, आपल्यालाच कधी बघायचा मोह झाला तर? त्यापेक्षा तूच घाल आणि मला सांगू नकोस.”

झाले. म्हणजे आता बायकोला फोन करणे आले. शाळेत मधली सुट्टी होती आणि तिने लगेच उचलला. मागे शिक्षकांच्या खोलीतला गलका ऐकू येत होता. इकडे फोनवाले डावीकडे, दारवाले उजवीकडे, आणि दोन्हीकडचे गाल कान देऊन बसले होते.

“काय हो, चाललंय ना सगळं?”

“हो. म्हणजे चालतंय, पण दोनदोनदा,” कुलूपराव म्हणाले. “तो एक पासवर्ड हवा होता. तुझ्या भावाकडे माझी प्रत आहे, तिचा.”

“त्या प्रतीची गरज का पडली? तुम्ही उघडी दिली होती ना?”

कुलूपराव भिंतीकडे वळले. भिंतीवर हसऱ्या दाताचे चित्र होते.

“नव्हती दिली,” ते म्हणाले. “गुंडाळून दिली. त्याने बंद पडली, तर आणखी गुंडाळली. मग मूळ कोड पुसला. इथे सगळ्यांना सारखे नंबर मिळालेत आणि डॉक्टरीणबाई खडू शोधतायत. तो म्हणतोय, माझंच चुकलं. त्याचं नाही चुकलं, माझं चुकलं. मी विश्वास ठेवायला हवा होता त्याच्यावर. आता सांग ना लवकर.”

इकडे खोलीत कुणीतरी नाक ओढले. ते शिंपी होते.

“सांगते,” बायको म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बदलला. “पण रागवायचं नाही. मला काय माहीत, तुम्हालाच सांगावा लागेल म्हणून.”

“नाही रागवत.”

“कुलूपराव.”

“काय?”

“पासवर्ड. कुलूपराव. सगळं जोडून.”

“कुलूपराव कोण?” कुलूपरावांनी विचारले.

मेहुणा एकाएकी कीबोर्ड पुसू लागला. फोनमधून कुणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला. डावीकडे आणि उजवीकडे सगळ्यांच्या ध्यानात आले, आणि सगळ्यात शेवटी ते कुलूपरावांच्याही आले.

“बरं,” ते म्हणाले. “घाल रे.”

प्रत उघडली. सगळी नावे जागच्या जागी होती. ‘पुढचा रुग्ण’, ‘उशिरा आलेला’, ‘कळा येणारा’. कुलूपरावांना बऱ्याच दिवसांनी घरची माणसे भेटल्यासारखे झाले. त्यांनी लायब्ररी नव्याने बांधली, पोटातली चोरटी टाकी काढून टाकली, सामाईक लायब्ररीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, आणि ती लगेच ओ देत आली. सगळ्यांना नवे नंबर वाटले. डॉक्टरीणबाई खडू घेऊन बाहेर आल्या, तेव्हा मंजुळ आवाज ‘क्रमांक एक’ म्हणाला आणि फक्त मुख्याध्यापिका उठल्या.

संध्याकाळपर्यंत एकही जोडी निघाली नाही. डॉक्टरीणबाईंनी जुन्या दवाखान्याची किल्ली मेहुण्याच्या हातावर ठेवली आणि उद्यापासून तिकडेही लाग म्हणून सांगितले. तो किल्लीकडे बघत राहिला. मग त्याने भाऊजींकडे बघितले, आणि भाऊजींनी सगळे समजल्यासारखी मान हलवली.

त्याला घेऊन ते घरी आले. बायको अजून यायची होती. कुलूपरावांनी मेहुण्याला खुर्चीवर बसवले, लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाले, “सगळं वाच. नीट कर. नाव दोघांचं घाल.” एवढे बोलून त्यांचे समाधान होईना. आज आणखी काहीतरी उघडून द्यावे असे त्यांना फार वाटत होते. ते स्टुलावर चढले, वरच्या फळीवरून डबा काढला आणि मेहुण्यासमोर ठेवला.

“यावर खिळे लिहिलंय,” ते हळूच म्हणाले. “पण आत काय आहे, ते आजवर मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या ताईलासुद्धा.”

मेहुण्याने झाकण काढले. वरची साधी बिस्किटे न बघताच बाजूला सारली, तळाशी हात घातला आणि क्रीमची दोन काढून एक भाऊजींपुढे धरले.

“घ्या. ताई चांगली खाली ठेवते,” तो म्हणाला. “वरची संपत आली की ती रविवारी भरते, तुम्ही अंघोळीला गेलात की.”